हिलाल आबांनी वर केलेली टोपी

आमच्या गावच्या यात्रेत तगतराव, म्हणजे तमाशाची सजवलेली गाडी, निघतो त्याच्या दुसऱ्या दिवशी कोरड्या नाल्यात कुस्त्यांची दंगल होते, आणि तिथे माईक माझ्या हातात असतो. मी प्रेमराज. नरडाण्याला स्टेशन रोडवर माझं फ्लेक्स आणि फोटोंचं दुकान आहे. आवाज मोठा आणि तोंड फाटकं, म्हणून गावाने मला माईकला बसवलं. पण माईकवाल्याला दंगलीत काडीची किंमत नसते. किंमत असते ती जोड लावणाऱ्याला, आणि आमच्याकडे तो माणूस म्हणजे हिलाल आबा.

कुस्ती ठरते कशी, हे शहरातल्या लोकांना सांगावं लागतं. आमच्याकडे आधी नावं जाहीर होत नाहीत. पहिलवान लंगोट लावून नाल्यात उतरतात आणि आबा त्यांच्यातून हिंडतात. कुणाची मान चाचपतील, कुणाचं मनगट धरतील, कुणाला नुसतं चालायला लावतील. मग एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देऊन दोघांना आखाड्याभोवती फिरवतात. त्या फेरीत लोकांनी जोड बघून घ्यायची. कुणाला ती बरोबरीची वाटली नाही, तर त्याने उभं राहून डोक्यावरची टोपी काढायची आणि हात वर करून धरायची. ओरडायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. टोपी वर दिसली की डफ थांबतो, आबा पुन्हा बघतात आणि पटलं तर जोड मोडतात.

एक गोष्ट मात्र पक्की. पहिलवानाने स्वतः माघार घ्यायची नाही. जोड लावणाऱ्याने हात दिला तो दिला. मोडायची तर लोकांनी सांगायची आणि लावणाऱ्याने मोडायची. समोर कोण आहे, कुठल्या तालमीचा आहे, असं पहिलवानाच्या घरच्यांनी विचारणं म्हणजे तर लावणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. आबा म्हणत, पोरीचं स्थळ बघताना जितकं बघतो तितकं मी बघतो, मग परत विचारायचं कशाला?

आबा स्वतः पहिलवान म्हणून फार पुढे गेले नाहीत. नारळ बक्षीस असलेल्या कुस्तीपासून पितळी घागरीच्या कुस्तीपर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. नंतर कापूस, बाजरी, दोन म्हशी आणि यात्रांचे दिवस. पार साक्रीकडच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. ते माणूस म्हणून फार गोड होते असं नाही. हट्टी होते, दुसऱ्याचं ऐकायचे नाहीत, आणि एकदा कुणाला 'भाऊ' म्हटलं की त्याच्यात खोट दिसतच नसे. पण आखाड्यात सुतासारखे सरळ. घसरले ते एकदाच. त्या वर्षी बक्षिसाची सगळी भांडी देणाऱ्या ठेकेदाराने आपला तालमीत तयार झालेला पुतण्या पुढे केला. दाता नाराज व्हायला नको म्हणून आबांनी डोळ्यावर कातडं ओढून एका किडकिडीत पोराचा हात त्याच्या हातात दिला. फेरी सुरू झाली आणि आपल्या चहाच्या गाडीवरून चहावाल्या वनाने टोपी वर केली.

"आबा, हाई जोड नही," वना म्हणाला, "हाई बकरा कापाना कार्यक्रम शे."

आबांनी दोघांचे हात तिथल्या तिथे सोडवले. ठेकेदार भांडी ट्रॅक्टरमध्ये भरून निघून गेला आणि त्या वर्षी जिंकणाऱ्यांना नुसत्या नारळावर भागवावं लागलं. आबांनी वनाच्या गाडीवर जाऊन चहा घेतला. चूक सुधारली म्हणून त्यांचं तोंड दिवसभर हसरं होतं.

तर अशा माणसाची नात भूमिका. मुलगा नवल आणि सून सुरतेला कापडाच्या कारखान्यात, आणि पोर इथे आबा आणि आजी वच्छलाबाईंकडे वाढली. आमच्याकडे पोरींची कुस्ती नाही. भूमिका धुळ्याला कॉलेजात गेली आणि तिथे तिला बॉक्सिंग लागलं. लागलं म्हणजे वेड लागलं. पहाटेच्या बसने जायची, संध्याकाळी नाक सुजवून यायची. वच्छलाबाई कपाळाला हात लावायच्या. आबा एकदा स्वतः धुळ्याला बघायला गेले आणि परत आले ते खूश होऊन.

"प्रेमराज, त्या काटावर वजन करीसन जोड लावतस," ते दुकानात येऊन मला म्हणाले. "बेईमानीले जागाच नही."

पोरगी चांगली होती. विद्यापीठात जिंकली, राज्याला पदक आणलं. नोकरी मात्र त्या पदकाने दिली नाही. पदवी घेऊन ती नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला लागली आणि सकाळ-संध्याकाळ सराव करत राहिली. लढत मिळेल तेव्हा मिळेल, असं चाललं होतं. दोन वर्षं अशी गेली, आणि मग हितेंद्र आला.

हितेंद्र रावेरकडचा, केळीच्या बागाइतदाराचा मुलगा. कधीकाळी स्वतः बॉक्सर होता, आता जळगावला जिम चालवायचा आणि एका क्रीडा वाहिनीसाठी खेळाडू गोळा करायचा. 'नई मुट्ठी' नावाचा कार्यक्रम होता. दर शनिवारी संध्याकाळी नव्या दमाचे बॉक्सर दाखवायचे. पांढऱ्या गाडीतून उतरून तो आबांच्या ओट्यावर बसला. बोलायला नम्र, पायांना हात लावणारा.

"आबा, मी मॅचमेकर आहे," तो म्हणाला. "कुणाची लढत कुणाशी लावायची, ते मी ठरवतो."

आबा खाटेवरून उठले आणि त्याच्या शेजारी ओट्यावर येऊन बसले. इतक्या वर्षांत त्यांना त्यांच्या कामाचा माणूस भेटला होता. त्यांनी आतून नारळ मागवला, नवी टोपी मागवली, ती हितेंद्रच्या डोक्यावर घातली आणि त्याला 'भाऊ' म्हणाले. मग भूमिकाला हाक मारली, तिचा उजवा हात धरला आणि सगळ्यांसमोर हितेंद्रच्या हातात दिला. मी तिथेच होतो. समोर कोण मुलगी आहे, वजन किती, तयारीला दिवस किती, एवढं तरी विचारून घ्यावं म्हणून मी तोंड उघडलं.

"लावनाराले इचारतस का कोनी?" आबांनी मला गप्प केलं. हितेंद्रने हसून चहा संपवला. त्यालाही ते सोयीचंच होतं.

पहिल्या लढतीचा फोन आठवडा उरला असताना आला. भूमिका उन्हात रेनकोट घालून पळाली, पाणी तोडलं, वजन खाली आणलं आणि गेली. आम्ही मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर माझा प्रोजेक्टर लावला. अख्खा गाव जमला. आधी समोरच्या मुलीची फिल्म दाखवली: ती डोंगरावर पळते, तिची आई रडते, तिचा कोच सूर्याकडे बघतो. आमच्या पोरीची फिल्म नव्हती. नुसतं 'धुले से भूमिका' म्हणाले आणि मोकळे झाले. गावाला तेवढ्यानेही धन्य वाटलं. ती गुणांवर हरली. कॉमेंट्रीवाला म्हणाला की मुलीने छान झुंज दिली. वच्छलाबाईंनी दृष्ट काढायला मीठ-मोहरी तयार ठेवली होती, ती तशीच हातात राहिली.

"लावनारानी नजर चुकस कधी कधी," आबा म्हणाले.

दुसऱ्या वेळी पुन्हा तसंच. ऐनवेळी फोन, समोर वजनाने जड मुलगी, तिच्याच नावाचे फ्लेक्स सगळ्या हॉलभर. तिसऱ्या वेळीही तसंच. दर वेळी भूमिका शेवटपर्यंत उभी राहायची आणि दर वेळी पंच समोरच्या मुलीचा हात वर करायचा. गावातली गर्दी कमी होत गेली. टवाळ पोरं तिला 'आपली सेकंड नंबर' म्हणायला लागली. मला त्या पोरांच्या कानाखाली वाजवावीशी वाटे. पण खरं सांगतो, त्यांच्यापेक्षा जास्त राग मला आबांच्या त्या 'भाऊ'चा यायचा.

तिसऱ्या लढतीनंतरची गोष्ट. भूमिका मला कपात चहा ओतत होती आणि चहा कपाच्या बाजूला बशीत पडत होता. तिला ते कळायला वेळ लागला. "झोप झाली नाही काका," म्हणून तिने हसण्यावारी नेलं. आबांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकान उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसले.

"त्या बठ्ठ्या लढती लाव," म्हणाले.

मी भूमिकाच्या सगळ्या लढती कॉम्प्युटरवर लावल्या. आबांनी लढत बघितलीच नाही. घंटेच्या आधी दोघी रिंगमध्ये समोरासमोर उभ्या राहतात, तेवढंच मला पुन्हा पुन्हा दाखवायला लावलं. मान बघितली, खांदे बघितले, पावलं कशी टेकतात ते बघितलं. मग या कार्यक्रमातल्या इतरांच्याही लढती लावायला सांगितल्या. मुलांच्या, मुलींच्या, जितक्या नेटवर सापडल्या तितक्या. दुपारपर्यंत तेच चाललं. शेवटी त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"एक बी जोड नही, प्रेमराज," ते म्हणाले.

तोवर भूमिकाची चौथी लढत ठरली होती. टीव्हीवर जाहिरातही सुरू झाली होती. समोरची मुलगी त्या वाहिनीची सगळ्यात लाडकी, तोवर एकही न हरलेली आणि बहुतेक जणींना आडवं करून बाहेर पाठवणारी. आबा म्हणाले, जळगावला चल. आम्ही बसने गेलो.

हितेंद्र त्याच्या जिममध्येच होता. त्याने खुर्च्या मागवल्या, उसाचा रस मागवला. आबांनी ग्लासला हात लावला नाही.

"भाऊ, जोड बराबर नही," आबा म्हणाले.

हितेंद्र मला वाटलं होतं तसा लबाड निघाला नाही. लबाड असता तर भांडता आलं असतं. त्याने दार लोटून घेतलं आणि सगळं सरळ सांगितलं.

"आबा, तुमच्याकडे लोक कुस्ती बघायला येतात. आमच्याकडे एक चेहरा बघायला येतात. चॅनल एका मुलीला निवडतं, दोन वर्षं तिला मोठं करतं. ती मध्येच हरली तर सगळं पाण्यात. म्हणून ती जिंकली पाहिजे. पण सोपं दिसलं तर लोक चॅनल बदलतात. म्हणून समोर अशी पाहिजे की जी चांगली लढेल, पडणार नाही, आणि जिंकणारही नाही. अशी खेळाडू शोधणं फार अवघड असतं. भूमिकासारखी मला दुसरी मिळत नाही."

आबांना हे समजायला जरा वेळ लागला. शब्द समजले होते, पण असं कुणी करत असेल हे डोक्यात शिरत नव्हतं.

"म्हंजे आधी जिकनारी ठरस," ते हळूहळू म्हणाले, "नि मंग तिनासाठे हारनारी धुंडतस."

"हो."

"भूमिकाले हाई माहीत शे?"

हितेंद्रने मान खाली घातली. "दुसऱ्या लढतीनंतर तिने विचारलं होतं. मी खोटं बोललो नाही. ती म्हणाली, आबांना सांगू नका. तिला वाटतं, एखादी लढत ती जिंकून दाखवेल. माझ्याशिवाय तिला लढत देणारं कुणी नाही, हेही तिला माहीत आहे."

आबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि पुन्हा पाहावासा वाटला नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि आपल्या नातीने आपल्याला सांभाळून घेतलं हे त्याला एका परक्याकडून कळत होतं.

"तू लावेल जोड शे," आबा म्हणाले. "तूच मोड."

"मला लावायचा अधिकार आहे आबा, मोडायचा नाही. जाहिरात सुरू झाली, आता वरच्यांच्या हातात. भूमिकाने स्वतः नाही म्हटलं तर मी एकदा बोलून बघतो."

"पहिलवान नही सांगस," आबा म्हणाले आणि उठले.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, आबा, ही काय यात्रेतली कुस्ती आहे का? घरी चला आणि पोरीला सांगा, जाऊ नको म्हणून. विषय संपला. तिच्या डोळ्याचं काहीतरी बिनसलंय, तुम्हाला दिसत नाही का? ते खिडकीबाहेर बघत राहिले. पारोळा मागे पडल्यावर म्हणाले, "तिना हात मी देल शे. आते मीच सांगू, पयी ये म्हनीन?" त्यांच्या मते पळून ये म्हणणं म्हणजे पोरीला जन्मभर मान खाली घालायला लावणं होतं. आणि एक उपाय त्यांच्या लेखी अजून शिल्लक होता. लोकांनी टोपी वर करायची, लावणाऱ्याने बघायचं. ते स्वतः जाऊन लोकांत बसणार होते.

मी म्हटलं, आबा, तिथे टोपी कुणाला कळणार? ते म्हणाले, हितेंद्रला कळेल, त्याच्या डोक्यावर मी टोपी घातली आहे. आणि भूमिकाला कळेल. मी पुढे वाद घातला नाही. खरं तर मलाही आतून वाटत होतं की टोपी दिसली तर निदान पोर तरी थांबेल. म्हणजे मीही तेवढाच अडाणी होतो.

धुळ्याहून रात्रभराचा प्रवास करून आम्ही पुण्याला लढतीच्या हॉलवर पोचलो. भूमिकाला आम्ही येणार हे सांगितलं नव्हतं. आत बर्फासारखी थंड हवा, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि रिंगवर इतका उजेड की बाकी सगळीकडे अंधारच वाटावा. आम्हाला जागा मिळाली ती बरीच मागे. आबांनी कडक इस्त्रीचा सदरा आणि धोतर घातलं होतं, डोक्यावर धुतलेली टोपी. आजूबाजूची कॉलेजची पोरं त्यांच्याकडे बघून एकमेकांना कोपरं मारत होती.

लाडक्या मुलीची फिल्म झाली. ती धुरातून आली, फटाके उडाले. भूमिका दुसऱ्या बाजूने चालत आली, एका कोचबरोबर. दोघी रिंगमध्ये समोरासमोर उभ्या राहिल्या. आबांनी एकदा नीट बघून घेतलं. मग ते उठले, डोक्यावरची टोपी काढली आणि हात वर करून धरली.

मागून कुणी तरी "ओ काका, बसा खाली" म्हणालं. आबा हलले नाहीत. रिंगच्या कडेला हितेंद्र उभा होता. त्याने वळून पाहिलं, त्याला आबा दिसले, टोपी दिसली. त्याला यात्रेचं सगळं माहीत असणार, तो आमच्याच मुलखातला. त्याने दुसरीकडे तोंड फिरवलं.

तेवढ्यात एक कॅमेरावाला धावत आमच्या रांगेपाशी आला. आबांच्या तोंडावर उजेड पडला आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर आबा दिसायला लागले. पांढरी टोपी वर धरलेली, डोळ्यांत पाणी. सगळा हॉल एकदम खूश झाला. शिट्ट्या सुरू झाल्या. मघाशी 'बसा खाली' म्हणणाऱ्यांनी उभं राहून हात वर केले, कुणी कॅप वर केल्या, कुणी रुमाल. हिंदीत कॉमेंट्री चालली होती, ती मी नंतर गावाकडच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकली. कॉमेंट्रीवाला म्हणत होता, 'भूमिका के दादाजी गाँव से आए हैं, देखिए, पोती का हौसला कैसे बढ़ा रहे हैं!'

भूमिकाने पडद्याकडे पाहिलं. मग अंधारात आमच्या दिशेने पाहिलं. घंटा वाजली आणि तिने हात वर घेतले.

पुढचं मी फार सांगत नाही. आबा सगळी लढत संपेपर्यंत उभे होते. हात भरून आला तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने कोपर धरलं, पण टोपी खाली आणली नाही. जोड मोडेपर्यंत टोपी खाली आणायची नसते. भूमिका डाव्या बाजूने येणारे ठोसे चुकवतच नव्हती, कारण ते तिला दिसतच नव्हते. कोचने लढत सोडायचा टॉवेल टाकला नाही, पंचाने थांबवलं नाही. ती पडलीही नाही. पडली असती तर बरं झालं असतं. शेवटी पंचाने समोरच्या मुलीचा हात वर केला आणि हॉलने आबांसाठी पुन्हा एकदा टाळ्या वाजवल्या.

भूमिकाच्या डाव्या डोळ्यातला पडदा सुटला होता. आधीच सैल झाला असणार, डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. ऑपरेशन झालं. आता त्या डोळ्याने तिला उजेड कळतो आणि माणूस उभा असल्याचं कळतं, कोण ते कळत नाही. बॉक्सिंग संपलं. पॅकिंगचं काम ती अजून करते. चहा ओतताना एक बोट कपाच्या कडेला लावून ठेवते.

'नई मुट्ठी'चा पुढचा भाग आला तेव्हा सुरुवातीलाच, नाव येण्याच्या आधी, आबा दिसले. संथ गतीत, खाली सारंगी लावून, टोपी वर धरलेले. लोकांना फार आवडलं म्हणे. मोबाइलवर फिरलं, सुरतेहून नवलने रडत फोन केला. हितेंद्रने मला फोन करून सांगितलं की नव्या हंगामाच्या उद्घाटनाला वाहिनी आबांना पाहुणे म्हणून बोलावते आहे, जाण्या-येण्याची सोय होईल. मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चैत्रात यात्रा आली. पंचमंडळी बोलवायला आबांच्या घरी गेली, तेव्हा ते नाही-होय करत शेवटी आले. नाल्यात नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती, टीव्हीवरचे आबा बघायला. आबांनी पहिली जोड लावली, दोघांचे हात धरले आणि फेरी सुरू केली. चांगली जोड होती. पण कडेच्या पोरांनी शिट्टी मारली आणि टोपी वर केली. त्यांचं बघून दुसऱ्यांनी केली. बघता बघता सगळा नाला टोप्या, गमछे, रुमाल वर धरून ओरडत होता, मोबाइलवर शूटिंग चालू होतं. डफवाला बिचारा थांबला, परत वाजवायला लागला, परत थांबला. वना चहाच्या गाडीवरून पोरांना शिव्या देत होता, पण त्याला ऐकतो कोण. मी माईकवरून ओरडलो, टोप्या खाली घ्या म्हणून. पोरांना वाटलं, मीही त्यांना चेव देतोय.

आबांनी मध्येच दोघांचे हात सोडले. नाल्याच्या कडेने चढून ते घरी गेले. त्या दिवशी जोडी चिठ्ठ्या टाकून लावल्या. संध्याकाळपर्यंत एका पोराचा खांदा निखळला आणि एकाचे दोन दात पडले. आबांनी त्यानंतर कुठल्याच गावचं बोलावणं घेतलं नाही.

परवा त्यांच्याकडे बसलो होतो. भूमिका कामावरून येऊन ओट्यावर टेकली होती, आबा शेजारी. मग आबांनी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तिला विचारलं.

"मी टोपी वर करेल व्हती. तुले दिसनी नही का?"

"दिसनी ना आबा. पडदावर दिसनी, नि तुम्ही बी दिसनात."

"मंग थांबनी काबर नही?"

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते ऐकवेना.

"लावनारानी मोडी नही," ती म्हणाली. "नि पहिलवाननी स्वतः मोडानी नही, हाई तुम्हीच शिकाडं ना? मना हात तुम्हीच देल व्हता आबा."

आबांनी तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट धरून ठेवला. वच्छलाबाई चहा घेऊन बाहेर आल्या तरी त्यांनी तो सोडला नाही. शेवटी कप धरायला म्हणून भूमिकानेच तो हळूच सोडवून घेतला.